बाबाचं बोट

मी नागपूरची. आमच्या नागपुरात समुद्र नाही, आणि त्या गावाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे. तलाव आहेत, पण ते आपापल्या जागी बसून असतात. लग्न होऊन ब्रिस्टलला आले तेव्हा नवऱ्याने हौसेने समुद्र दाखवायला नेलं, तर समुद्र जागेवरच नव्हता. नजर जाईल तिथपर्यंत चिखल. जेवून परत आलो तेव्हा मघाशी आम्ही उभे होतो ती पायरी पाण्याखाली गेली होती. तेव्हापासून माझा त्याच्यावर विश्वास नाही. समुद्रावर म्हणतेय मी. नवऱ्यावर अजून होता.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. लेकीचा फोन उचलला गेला नाही तर क्रॉयडनमधल्या सगळ्या ट्राम माझ्या डोळ्यांसमोर रुळांवरून घसरतात. घरात मला भित्री भागूबाई म्हणतात आणि मी ते नाव मुकाट्याने घेते, कारण भ्यायचं काम घरात कुणीतरी करावंच लागतं. ते दोघे करत नाहीत, म्हणून माझ्यावर तिघांचं पडतं.

पण ज्या गोष्टीला मी कधीच भ्याले नव्हते ती आमच्या सोफ्यावर घडली. नवरा चहा पीत होता. त्याच्या डाव्या हातातून बशी सुटली आणि ती उचलायला तो वाकलाच नाही, नुसता तिच्याकडे बघत बसला. मी म्हटलं, अहो, काय हे. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण ते मराठी नव्हतं आणि इंग्रजीही नव्हतं. स्ट्रोक. डावी बाजू गेली.

लेक क्रॉयडनहून धावत आली आणि आम्ही पाळीपाळीने हॉस्पिटलात बसायला लागलो. ती इथलीच जन्माची. मराठी बोलते, पण तो, ती, ते या बाबतीत तिचं धोरण लॉटरीसारखं आहे, निघेल ते निघेल. एका दुपारी मी बससाठी उभी असताना तिचा फोन आला. रडत रडत म्हणाली, "आई, बाबाची बोट वळली." मला क्षणभर कळेना कुठली बोट, कुठे वळली. मग कळलं. फिजिओवाली रोज त्यांची करंगळी हातात धरून वाकवायला सांगायची, आणि आज ती वाकली होती. मी बसस्टॉपवर हसले आणि रडले, आणि त्या अवस्थेतही तिला शिकवायचं सोडलं नाही. ती बोट पाण्यातली, हाताचं ते बोट. बाबाचं बोट. म्हण बघू. तिने म्हटलं, आणि मग जन्मात विसरली नाही. मी शिकवलेलं ते एकच लिंग तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढच्या वर्षी ते काठी घेऊन चालायला लागले, मग काठी सोडून. डावा हात खांद्यापर्यंत वर जायचा, डावं पाऊल घोट्यातून थोडं हलायचं, जोर मात्र कमी. रोज सकाळी मी त्या पावलाला खोबरेल तेल चोळायचे. त्याने काय होतं हे फिजिओवालीला विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती तरी मी चोळलंच असतं.

आणि मग एक दिवस आमच्या गाडीच्या टपावर बांधून एक हिरवी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, घरी आली. जुनी, मासेमारीची. वर बसायला खुर्चीसारखी सीट, गळ खोचायला दोन भोकं, आणि आत कुणा परक्या माणसाच्या जुन्या आमिषाचा वास. चाळीतल्या पाळण्यासारखी एवढीशी. मी विचारलं, हिला बुडायला किती वेळ लागतो? ते म्हणाले, ही बुडत नाही. त्यांचं अख्खं आयुष्य विमानांच्या कारखान्यात गेलं. पडणार नाही, बुडणार नाही हे शब्द ती माणसं फार सहज बोलतात.

मी भांडले. आठवडाभर भांडले. बागकाम करा म्हटलं, ब्रिज खेळा, पूलमध्ये जा, तिथे निदान तळ दिसतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हळू आवाजात म्हणाले, "घरात बसूनच झालं ना ते? या सोफ्यावर?"

मी भांडणं थांबवलं.

कयाकचं सुकाणू मोडलेलं होतं, म्हणून ती स्वस्तात मिळाली होती. मला आशा वाटली. दुरुस्तीत वर्ष जाईल, मग हिवाळा येईल, मग कुणालातरी देऊन टाकू. पण दुरुस्ती म्हटल्यावर त्या माणसाच्या तोंडावर जे तेज आलं ते मी हॉस्पिटलपासून पाहिलं नव्हतं. त्यांनी मला गॅरेजात खुर्ची टाकून बसवलं आणि समजावून सांगितलं. मागे एक पातं, पाण्यात सोडलेलं. पायाशी दोन पेडल. पेडलपासून पात्यापर्यंत दोन्ही कडांनी नळ्या, नळ्यांतून तारा. उजवं दाबलं की कयाक उजवीकडे, डावं दाबलं की डावीकडे. धडधाकट माणसाला याची फारशी गरज नसते. पण त्यांचा उजवा हात दणकट आणि डावा दुबळा, म्हणजे वल्हं मारलं की कयाक डावीकडेच फिरणार, घाण्याच्या बैलासारखी. उजवं पेडल थोडं दाबून धरलं तरच सरळ जाणार.

"म्हणजे सुकाणू बिघडलं तर?" मी विचारलं.

"म्हणून तर नवं करतोय," ते म्हणाले.

जुनी पेडलं रुळावर पुढेमागे सरकायची, त्यांना अख्ख्या पायाचा जोर लागायचा. डाव्या पायात तो नव्हता. म्हणून त्यांनी नवी मागवली. त्यात टाच पक्क्या आधाराला टेकलेली राहते आणि फक्त वरचा भाग चवड्याने दाबायचा, गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखा. तारा गंजल्या होत्या. त्यांच्या जागी पक्की विणलेली बारीक दोरी. ते रडर, लाइन, ट्यूब म्हणायचे. मी शेपूट, नाडी आणि नेफा म्हणायचे. काही दिवसांनी तेही म्हणायला लागले.

कारण नाडी मीच ओवली. ते ती दोरी नळीत ढकलत बसले होते, आणि ती आत गोळा होऊन बसत होती. डाव्या हाताने नळी धरवत नव्हती, घाम आला होता, चिडले होते. मी म्हटलं, नाडी कधी ढकलतात का? परकराची जुनी नाडी बाहेर काढायच्या आधी नवी तिच्या टोकाला शिवायची आणि जुनी ओढायची. नवी मागोमाग येते. जुन्या तारेच्या टोकाला मी दोरी सुई-दोऱ्याने गच्च बांधली, दुसऱ्या टोकाने ओढली, आणि ती सळसळत आली. विमानांचा इंजिनियर माझ्याकडे बघत राहिला. मला फार बरं वाटलं, आणि लगेच विचार आला. आपण हे काय करतोय? ज्याने हा माणूस पाण्यात जाणार, ते मीच ओवून देतेय.

तो जुलै होता आणि उष्णतेची लाट आली होती. बातम्यांमध्ये लोकांना पाणी प्या म्हणून सांगत होते, आणि आमचं गॅरेज तव्यासारखं तापलं होतं. नळीत दोरी जराशी घासत होती. फवारायचा डबा संपला होता. मी तिथेच त्यांचा पाय चोळत बसले होते, मांडीशी खोबरेलाची बाटली होती. ते म्हणाले, दे इकडे. दोन्ही नळ्यांत त्यांनी तेल ओतलं. पातळ, पाण्यासारखं आत गेलं. पेडल दाबलं तर शेपूट हलक्या हाताने हललं, वाटलं त्याला स्वतःचा जीव आहे. त्यांनी मला दाखवायला डावं पाऊल ठेवलं. डाव्या पावलाने शेपूट हललं. त्यांनी ते पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा.

माझ्या वडिलांनी शिवणयंत्रापासून कुलपापर्यंत सगळ्याला हेच तेल घातलं. मला त्यात वावगं काय वाटणार? या देशात खोबरेल तेल कसं असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. इतकी वर्षं दर सकाळी बाटली रेडिएटरवर ठेवतेय. पण त्या आठवड्यात तेल ओट्यावर आपोआप पातळ होत होतं, ब्रिस्टलचं नागपूर झालं होतं, आणि ऊन पडलं की माणूस थंडी विसरतो.

नदीत चाचणी झाली, गावाबाहेर, जिथे पाणी संथ आणि बेताच्या खोलीचं आहे. मी काठावर पाण्याकडे पाठ करून बसले. मला बघवत नाही. लेक बघायची आणि मला सांगायची. बाबा गेला, बाबा वळला, बाबा बदकाशी बोलतोय. पंधरा-वीस मिनिटांत ते परत आले. अंगावर लाइफजॅकेट, तोंडभर हसू. माझ्या हाताचे तळवे घामाने ओले होते आणि पाण्यात तर मी गेलेही नव्हते.

समुद्रावर जायला ऑक्टोबर उजाडला. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर एक छोटा अर्धगोल बे, म्हणजे समुद्राचा आत शिरलेला तुकडा, आहे, शांत, लहान मुलं खेळतात तिथे. लेकीने हवामान बघितलं, ओहोटी बघितली, मी अटी घातल्या. लाइफजॅकेटला वॉकीटॉकी बांधायची, दुसरी माझ्याकडे. किनाऱ्याला धरून जायचं. हाक मारली की यायचं. त्यांनी सगळं कबूल केलं. आदल्या दिवशी आम्ही जवळच एका खोलीत मुक्काम केला होता आणि सकाळी तिथे कडाक्याची थंडी होती. निघण्याआधी मी त्यांच्या पावलाला तेल लावलं. बाटलीत ते मेणासारखं पांढरं झालं होतं, चमच्याच्या दांड्याने खरवडून काढावं लागलं. काढलं, तळहातावर विरघळवलं, चोळलं, वर दोन मोजे चढवले. डोक्यात एवढंच होतं की पाय गार आहे.

ते गेले. मी कार पार्ककडे तोंड करून बाकावर बसले आणि लोकांच्या गाड्यांचे रंग बघत राहिले. लेक दुर्बीण घेऊन माझ्यामागे उभी होती. बाबा सरळ चाललाय. बाबाने गळ टाकला. बाबा आता निघाला. तिचा आवाज आला की माझा श्वास सुटायचा, थांबला की अडकायचा. बराच वेळ असंच चाललं. वारा पाठीवर लागत होता, तो हळूहळू तोंडावर लागायला लागला. वारा आता जमिनीकडून समुद्राकडे जातोय, एवढं मलाही कळलं.

मग ती म्हणाली, "आई. बाबाचं बोट वळत नाहीये."

माझ्या कानात काहीतरी बंद झालं. सोफा दिसला, बशी दिसली, ती बशीकडे बघणारी नजर दिसली. बोट वळत नाही. इथे, पाण्यात, एकटे. मी उठून वळले आणि पहिल्यांदा पाण्याकडे बघितलं. हिरवा ठिपका मला वाटला होता त्याहून फार लांब होता. मी वॉकीटॉकी तोंडाशी धरली, ती दातांवर आपटली.

"अहो, हात वर करा. डावा हात वर करा आधी."

काहीच नाही. लेक माझा दंड धरून म्हणत होती, हात नाही आई, बोट, द बोट, कयाक वळत नाहीये, राइटलाच जातेय, आउट टू सी. मला ऐकू येत होतं, पण शिरत नव्हतं. इतक्यात खरखर झाली आणि त्यांचा आवाज आला. शब्द स्पष्ट होते. आवाज मात्र मी कधी ऐकला नव्हता असा बारीक होता.

"पाय गेला गं. डावा. दाबतोय, पण दाबला जात नाही."

लेक फोनवर कोस्टगार्डला जागा सांगत होती, स्वच्छ, थंड इंग्रजीत. ठिपका उजवीकडे वळत वळत गोल फिरला आणि पुन्हा समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मी काय बघणार? मी माझ्या हाताकडे बघितलं. बटण इतकं घट्ट दाबून धरलं होतं की नखं पांढरी पडली होती. नखांच्या कडेलाही पांढरं होतं. सकाळचं तेल, कडांमध्ये तसंच गोठून बसलेलं.

कुणीतरी कानशिलात मारावी तसं मला एकदम सगळं दिसलं. गार पाणी. प्लास्टिकची नळी. नळीत तेल. दणकट उजव्या पायाला ते हललं, दुबळ्या डाव्याला नाही.

"पाय नाही गेला," मी म्हटलं. "तेल गोठलंय. नाडी नेफ्यात अडकलीय. पाय आहे तुमचा."

उत्तर आलं नाही. मग मी जन्मात नवऱ्यावर ओरडले नव्हते तशी ओरडले, की शेपूट वर घ्या. शेपूट उचलायची दोरी वेगळी होती, सीटच्या बाजूने उघडी जायची, तिला नेफाही नव्हता आणि तेलही नव्हतं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण पाय गेला असं ज्याला वाटतं, त्याला दोरी आठवत नाही. लेक दुर्बिणीतून बघत होती. बाबा हलत नाहीये. बाबा बसलाय. बाबाने हात मागे नेला. शेपूट वर आली, आई. वर आलं.

आता सुकाणूच नव्हतं, फक्त दोन हात, एक दणकट आणि एक दुबळा. उजव्याने मारलं की कयाक डावीकडे जाणार. मी फिजिओवालीसारखं मोजायला लागले. डावा, डावा, उजवा. डावा, डावा, उजवा. थकलात तरी डावा. त्यांनी बोलू नये, नुसतं मारावं, असं बजावलं. थांबायची माझी छाती झाली नाही. मला वाटत होतं की ती कयाक वल्ह्याने नाही, माझ्या आवाजाने चाललीय, आणि मी श्वास घ्यायला थांबले तर ती तिथेच उलटेल.

लाइफबोट आली तेव्हा ते बरेच आत आले होते. त्या लोकांनी त्यांना कडेने साथ देत वाळूपर्यंत आणलं. भल्या माणसांनी त्यांच्या अंगावर ब्लँकेट टाकलं. नवरा उतरला आणि डाव्या पायावर उभा राहिला. मुद्दाम. पहिल्यांदा डाव्या. मग उजवा टेकवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मला खरंच वाटलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, मलाही. आणि मग त्यांच्या ओल्या छातीवर मी दोन गुद्दे मारले, चांगले लागतील असे.

घरी आल्यावर नळ्यांत किटलीतलं गरम पाणी आणि भांड्यांचा साबण ओतला. पांढरे गोळे बाहेर आले, वरणावर थंडीत तूप गोठतं तसे. नाड्या बाहेर काढून धुतल्या, वाळवल्या. आणि मग ते माझ्यासमोर बसून राहिले, कारण ओवायची मला होती. त्यांच्या डाव्या हाताला ते जमत नाही, लेक परत गेली होती. मी नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. त्यांनी आग्रह केला नाही. उलट म्हणाले, तू म्हणशील तसं.

ते ऐकायला मी किती महिने थांबले होते. आता ऐकलं, तर मला त्यांचा तो बारीक आवाज आठवला, पाय गेला गं. कयाक विकली तर तोच आवाज घरात राहिला असता, सोफ्यावर. मी सुई घेतली. या वेळी आत धरून ओढायला जुनी तार नव्हती, म्हणून दोऱ्याला कापसाचा बोळा बांधला आणि दुसरीकडून व्हॅक्यूम क्लीनर लावला. दोऱ्यामागून नाडी आली. तेल घातलं नाही.

आता आम्ही पुन्हा नदीवरच जातो, उन्हाळ्यात, तास-दोन तास. समुद्राचा विषय मी काढत नाही आणि तेही काढत नाहीत. भीती म्हणाल तर तेवढीच आहे, कदाचित जास्तच. पण मी पाठ करून बसत नाही. पाण्याकडे तोंड करून बसते, वॉकीटॉकी मांडीवर, नखं आधी तपासून.

मागच्या रविवारी लेक माझ्याशेजारी सँडविच खात होती. पुलाच्या अलीकडे त्यांनी डावं पेडल दाबलं, आणि कयाक वळसा घेऊन आमच्याकडे तोंड करून आली.

"आई, बघ," ती म्हणाली, "बाबाचं बोट वळलं."

मी तिची चूक सुधारली नाही.